चहा कुंडीत जातो

ता. ४ जून
चि. नळवालीस,
आशीर्वाद शेवटी, आधी भांडण. विहिरीवर लाल खूण करायला तुला सख्खी आत्याच सापडली? उकळून पितो की आम्ही! तुझ्या पाणीयोजनेचा पाइप कोपऱ्यावर आलाय, तिथेच राहू दे. गल्लीत एकानेही अर्ज भरलेला नाही, कळलं? सगळे माझ्याच विहिरीवर येतात, पाणी भरतात, चहा पितात. घरोघरी नळ आले तर ओट्यावर काय चिमण्या बसवू?
जेवत जा वेळेवर. लोभ आटू देऊ नकोस.
तुझी आत्या

ता. ९ जून
ती. आत्यास सा. न.
भांडण पोचलं, अक्षर झकास. अगं, मागच्या नर्सरीचं खत विहिरीत झिरपलंय. ते उकळून जात नाही, आणि पोटातल्या बाळाला फार वाईट. अर्ज नाहीत, कारण सगळे तुला घाबरतात! टेलरकाका म्हणाले, आत्याबाईंना वाईट वाटेल, म्हणून गुपचूप जार आणतो. तुझं पाणी झाडांना, तुझा चहा कुंडीत. त्यांच्या सुनेला मात्र ओतवत नाही. आठवा महिना लागलाय, तरी पिते. महिनाभरात अर्ज आले नाहीत तर पाइप दुसऱ्या गल्लीत वळेल.
रागावलीस तरी लोभ चालू ठेव.
तुझी नळवाली

ता. १४ जून
चि. नळवालीस अ. आ.
आधी जाऊन सुनेच्या हातातला कप काढून घेतला. मग दारोदार उभी राहून एकेकाकडून अर्ज भरून घेतले. टेलरला म्हटलं, माझ्या कुंडीतला गुलाब एवढा का फोफावला ते आता कळलं. अर्ज सोबत पाठवलेत.
ओटा मात्र ओस पडणार.
आत्या

ता. २ जुलै
ती. आत्यास सा. न.
ओस कसला! पाणी लाइनच्या शेवटच्या घरी तपासायचं असतं, आणि शेवटचं घर तुझं. दर सोमवारी नळाचं थोडं पाणी नळीत घेऊन त्यात तपासणीच्या औषधाचे थेंब टाकायचे. पिवळं झालं की क्लोरीन टोकापर्यंत पोचलं. हे कोण करेल विचारलं, तर अख्खी गल्ली तुझं नाव घेऊन ओरडली.
नाही म्हणू नकोस. म्हणशील म्हणा!
तुझी नळवाली

ता. ६ सप्टेंबर
चि. नळवालीस अ. आ.
अंगणात पाय ठेवायला जागा नाही. सून बाळाला घेऊन आलीय, गुटगुटीत आहे, नाक टेलरचं, बिचारं. थेंब टाकले, पाणी पिवळं झालं, शिट्ट्या काय वाजल्या! तुझ्या पाण्याला वास येतो आणि माझ्या विहिरीची चव नाही, एवढं ऐकून घे. आज पहिला चहा नळाचा. कुंड्या मी आधीच आत उचलून ठेवल्यात, टेलर कप धरून चहूकडे बघतोय. उत्तर लिहीत बसू नकोस, आधण उतू चाललंय. गेले मी!