नईमा आजीचा शब्द

जेरुसलेम, १८ फेब्रुवारी १९८६

ती. नईमा आजीस,
ओस्नातचा सा. न. वि. वि.

आधी खुर्चीत बस. तुझा शब्द सभेपुढे जातोय! इतकी वर्षं तू आमच्या हिब्रू भाषा-संस्थेला नवे शब्द सुचवतेस आणि दर वेळी नकाराचं गोड पत्र येतं. या वेळी समितीने तुझा ‘यशेवेत’ उचलला: जेवण संपलं तरी न उठता गप्पा मारत बसणं. येत्या सोमवारी मतदान. सुचवणाऱ्याचं नाव आम्ही सभेत सांगत नाही. पण अध्यक्षांच्या कानावर घालू का?

माया आहेच, ती वाढवावी.
तुझी लाडोबा, ओस्नात

रमत गान, २० फेब्रुवारी

चि. ओस्नातस अनेक आशीर्वाद.

खबरदार कुणाच्या कानावर घालशील तर! वशिल्याचा शब्द मला नको. बगदादहून आल्यावर छावणीतल्या तंबूत बसून ही भाषा शिकले. अजून भाजीवाला माझे उच्चार ऐकून गालात हसतो. एक तरी शब्द माझा रुजला, तर या भाषेत मी पाहुणी राहणार नाही. तुझे आजोबा म्हणतात, म्हातारीला चळ लागलाय. लागू दे.

मामाच्या हाती चण्याचं सारण भरून तळलेले साम्बुसक पाठवतेय. सगळ्यांना दे, पण मतदान झाल्यावर. आधी दिलेस तर लाच होईल.

तब्येतीला जप, आम्हाला विसरू नकोस.
तुझी आजी

जेरुसलेम, २५ फेब्रुवारी

ती. आजीस सा. न.

पडला गं तुझा शब्द. शेवटच्या ‘एत’मुळे एका प्राध्यापकांना तो आजाराच्या नावासारखा वाटला, आणि बाकीच्यांनीही माना डोलावल्या. मला रडूच आलं.

पण पुढचं ऐक. सभेनंतर मी साम्बुसक मांडले, तर घरी जायला कुणी उठेना! तेच प्राध्यापक पुन्हा पुन्हा चहा मागत होते. शेवटी त्यांच्या बायकोचा फोन आला. पठ्ठ्याने तिला बिनधास्त सांगितलं की जेवून घे, इथे यशेवेत चाललीय! सगळे पोट धरून हसले. त्यांना मात्र कळेचना, काय झालं ते. निकाल काही बदलला नाही. तुझं नाव मी घेतलं नाही, शप्पथ.

रागावू नकोस, लोभ आटवू नकोस.
तुझी ओस्नात

रमत गान, २७ फेब्रुवारी

चि. ओस्नातस आशीर्वाद.

रागावते कशाला? आजोबांना पत्र पुन्हा मोठ्याने वाचायला लावलं आणि हसत बसले. अगं, शेजारीण माझ्या ओट्यावरचं मीठ न विचारता नेते, तसा त्याने माझा शब्द नेला. परक्याच्या घरातून असं कुणी नेतं का? इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला इथली झाल्यासारखं वाटलं.

त्या प्राध्यापकाला एकदा जेवायला घेऊन ये, बायकोसकट. लवकर उठू देणार नाही म्हणावं.

तुझी आजी, नईमा