बादली गॅलरीत ठेवली आहे

श्रीनाथ,

तू पेनरोजला कामावर असतानाच इन्शुरन्सचा माणूस येऊन गेला. मला पाठीशी घालायला तू फॉर्मवर पाइप फुटल्याचं लिहिलंस. त्याने विचारलं तेव्हा मी सरळ बादली आणि पाट दाखवला. टबात चढताना पाय सटकतो, म्हणून महिनाभर बाथरूमच्या फरशीवर बसूनच अंघोळ करत होतो. इथे परदेशात फरशीला पाणी जायला जाळी नसते, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. क्लेम आता बहुधा मिळणार नाही.

खालच्या हेलनबाईंचं छत मुरलेल्या पाण्याने अजून गळतंय. त्यांचं सामान हलवायला जातोय. आमटी गरम करून घे.

रागवायचं तर रागव, पण आधी टबापाशी धरायला दांडी बसव. सोमवारपासून मी नुसतं अंग पुसतोय.

बाबा