लिबीसाठी घेतलेली गाडी

४ सप्टेंबर
घेतली! शेवटी घेतलीच. काळीभोर पिकअप, चार दारांची, मागचा हौदा एवढा की गाय आडवी झोपेल. जुनी बुटकी लाल गाडी बदल्यात देऊन टाकली. विकणाऱ्याने विचारलं, काय ओढायचंय — बोट, घोडे? म्हटलं, आज काहीच नाही. पण उद्या ओढायची वेळ आली तर? त्यालाही पटलं.
जन्मभर धान्याच्या कोठारावर धूळ खाल्ली. आता मी आणि लिबी — आधी सगळा नेब्रास्का, मग डाकोटाचे डोंगर. बायकोला शेजारी बसवून हिंडायचं, दुसरं काही नको मला.

५ सप्टेंबर
लिबी बराच वेळ बघत राहिली. उंच आहे, एवढंच म्हणाली. उंच असणारच! लाल गाडीत असताना शेजारून मोठा ट्रक गेला की जीव मुठीत धरायचो. आता त्या ड्रायव्हरच्या डोळ्याला डोळा भिडवून जाईन. लिबीच्या केसालाही धक्का लागणार नाही.

९ सप्टेंबर
एमिलला दाखवली. शाळेपासूनचा दोस्त, त्याच्याकडे अशीच आहे. भोवती फिरला, टायरला लाथ मारली. म्हणाला, "रूडी, आता कुठे माणसांत आलास." पेट्रोल किती पिते ते त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. बर्फ पडू दे, मग बघतो कोण हसतं!

१३ सप्टेंबर
लिबी चर्चला आली नाही. गुडघा दुखतोय म्हणे. एकटाच गेलो. बाहेर सगळ्या आपल्यासारख्या गाड्या. बुटकी एकच — शेजारच्या आर्लीनची. काडेपेटी नुसती!

२० सप्टेंबर
आजही नाही आली.

२४ सप्टेंबर
लिंकन शहरात जाऊन जेवू म्हटलं. नको म्हणाली, घरीच बरं वाटतं. तिने कोलाचे केले, जर्दाळू भरलेले गोड पाव. झकास झाले होते, मी पाच खाल्ले. एमिल म्हणतो, वय झालं की बायका घरकोंबड्या होतात. होत असतील. पण लिबी? हिचा पाय कधी घरात ठरला नाही! राग येतो. कुणासाठी घेतली मी ही गाडी?

१ ऑक्टोबर
डोंगरातल्या हॉटेलात खोली ठरवली. म्हटलं, आता कशी नाही म्हणते बघू. तर म्हणाली, एमिलला घेऊन जा. फार भांडलो. तोंडाला येईल ते बोललो. माझा कंटाळा आलाय का, असंही विचारलं.

३ ऑक्टोबर
गॅरेजमध्ये काच पुसत होतो. फाटकाशी आर्लीनची काडेपेटी थांबली. लिबी आली, निळा कोट घालून. दार उघडलं आणि बसली. खुर्चीत बसावं तशी — गुडघा धरणं नाही, कण्हणं नाही. हसतसुद्धा होती.
धावत गेलो. हे कधीपासून, विचारलं. दर शनिवारी, म्हणाली. मग खाली बघून म्हणाली, "गाडी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी एकटीने चढून पाहिलं. पाय सटकला, पडले. तू आत एमिलला फोन करत होतास."
"मग सांगितलं का नाहीस?"
"माझ्यासाठी घेतली म्हणालास ना, रूडी."
दोघी गेल्या. मी फडकं घेऊन फाटकातच उभा राहिलो. स्वतःची लाज वाटली.

४ ऑक्टोबर
तिघं चर्चला गेलो. मी काडेपेटीत मागे, गुडघे हनुवटीला टेकलेले. एमिल बघत होता. मीच आधी हात केला.