आज पाय कुणी धुतले

इंदापूर, रविवार, दिवेलागण, १९३४

सकाळी ह्यांनी घरात बायबलातला, प्रभूने शिष्यांचे पाय धुतले तो भाग वाचला. आपणही तसंच वागावं म्हणाले. मी चूल फुंकता फुंकता बोलून गेले, "तुमच्या पायांवर रोज पाणी मीच घालते. मग शास्त्र पाळतंय कोण?" हे हसले नाहीत. जास्तच बोलले का मी? दिवसभर तेच डोक्यात.

संध्याकाळी हे शेळगावची उपासना आटोपून आले. मी पाण्याचा तांब्या पुढे केला, तर म्हणाले, "तू बस." आणि माझेच पाय धुवायला लागले! टाचांना ह्या एवढ्या भेगा. लाजेनं मेले मी. पाय ओढून घेतला तर सोडेनात. रागही आला, रडूही.

तेवढ्यात सासूबाई दारात. बाप्तिस्मा झाला तरी जुन्या वळणाच्या. "बायकूचं पाय धुतोस व्हय रं? लोकं काय म्हणतील?"

"आई, हिच्या भेगा बघ."

त्या वाकल्या, भेगा बघितल्या नि तडक आत गेल्या. आता माझी धडगत नाही, वाटलं.

आल्या त्या ऊन पाण्याचं भगुणं घेऊन. खाली बसल्या नि ह्यांना म्हणाल्या, "गार पाण्यानं काय व्हतंय? सरक तिकडं. तुला न्हाय जमायचं."