पंख्याखालची खुर्ची

११ मार्च, सोमवार

आज एकाच पाळीत तिघांना हुडहुडी भरली! डायलिसिस सुरू होतंय न होतंय तोच दात वाजायला लागले. एखाद्याला कधीतरी होतं असं. पण तिघांना? दारापाशी बसणाऱ्या मावशींना तर मोठ्या रुग्णालयात हलवावं लागलं. त्या तिघांतलेच खिडकीवाले काका घरी जाताना थट्टा करत होते, इतका गारठा करून एसीचं बिल आमच्याकडून वसूल करणार का म्हणून. हसले मी. पण मशीन सांभाळणाऱ्याला उद्या गाठायचंच.

आमच्या केंद्रात माणसांना नावं नाहीत, खुर्च्या आहेत. एकदा जी ठरली ती ठरली. पंख्याखालची माझ्या सासूबाईंची. त्या आज ठणठणीत होत्या, देवाची कृपा.

१२ मार्च, मंगळवार

मशीनवाल्याला धुण्याच्या खोलीत गाठलं. आधी उडवाउडवी केली. मग मोरीच्या कठड्यावर बसून रडायलाच लागला. रक्त गाळायचे फिल्टर आम्ही धुऊन ज्याचे त्याला पुन्हा लावतो. धुवायचं जंतुनाशक संपत आलं, तर हा पठ्ठ्या त्यात पाणी वाढवून पुरवत बसला! सांगितलं का नाहीस, म्हटलं.

"मागं एकदा सांगितलं तेव्हा डॉक्टरांनी सगळ्यांसमोर माझी सालटी काढली, ताई. विसरलात?"

नाही विसरले. त्या दिवसापासून वाईट बातमी घेऊन कुणी डॉक्टरांच्या खोलीत गेलेलं नाही. चांगल्या बातम्यांची मात्र तिथं रांग असते!

मी गेले. केंद्राचे मालकही तेच. ओरडले नाहीत. धुतलेले फिल्टर आजपासून बंद, नवे लावा, असं लगेच म्हणाले. बरं वाटलं. मग उठून दार लावलं. "सिस्टर, आपण सगळे एक कुटुंब आहोत. झाकली मूठ सव्वा लाखाची." ज्यांना ताप आला त्यांना तरी सांगू या, म्हटलं, रक्तात जंतू गेलेत का ते तपासायला हवं, औषध वेगळं लागेल. तर म्हणे, आधी चौकशी. समिती नेमलीसुद्धा — ते स्वतः, त्यांचे मेहुणे आणि मी. मेहुण्यांचं फरशांचं दुकान आहे.

१३ मार्च, बुधवार

समिती बसली. चहा झाला. मशीनवाल्याला काढून टाकायचं ठरलं. मेहुणे म्हणाले, चला, विषय संपला! आजारी माणसांचं काय, हे मी दोनदा काढलं. दोन्ही वेळा डॉक्टर बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवत राहिले.

सही केली मी. न करून काय करते? यांचं काम सुटल्यापासून घर माझ्या नोकरीवर चाललंय. आणि डॉक्टर वाईट असते तर सोपं होतं. सासूबाईंना मरणाच्या दारातून त्यांनीच ओढून आणलं. त्या माणसाविरुद्ध तोंड कसं उघडू? इकडे आड, तिकडे विहीर.

१४ मार्च, गुरुवार

सासूबाईंचं रक्त दुसरीकडे गुपचूप तपासून घेतलं. ठीक आहेत. उद्यापासून त्यांना नदीपलीकडच्या केंद्रात न्यायचं. आमच्याकडे दुरुस्ती चाललीय अशी थाप मारली. लाज वाटते. तरी नेणारच.

१५ मार्च, शुक्रवार

आणि तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली! आमच्याकडे खुर्ची रिकामी दिसली की अर्थ एकच. खिडकीवाल्या काकांनी पंख्याखाली पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला. "गेल्या का हो?" नाही नाही, दुसऱ्या केंद्रात नेलंय, मी बोलून गेले. सिस्टर आपल्या सासूला इथं का ठेवत नाहीत? विचारलं कुणीच नाही. सगळे नुसते आपापल्या नळ्यांकडे बघत बसले.

काकांचं अंग भाजत होतं. सर्दीची गोळी घेतोय, म्हणाले. मी सांगणारच होते. दारात डॉक्टर येऊन उभे राहिले. मी काकांचं पांघरूण नीट केलं आणि पुढच्या खुर्चीकडे गेले. स्वतःचा इतका राग कधी आला नव्हता.

१६ मार्च, शनिवार

दारापाशी बसणाऱ्या मावशी वारल्या. समितीतर्फे फुलं पाठवायचं ठरलं.

१७ मार्च, रविवार

सासूबाई भाजी निवडत होत्या. समोर बसून सगळं सांगून टाकलं — पाणी घातलेलं औषध, समिती, मावशी. त्यांचा हात थांबला. मावशी आणि त्या शेजारी बसून एकमेकींच्या सुनांच्या तक्रारी करायच्या, मला सगळं ऐकू यायचं.

"आणि तू मला एकटीला उचललंस?"

एवढंच. आवाजही चढवला नाही. भाजी तशीच टाकून आत निघून गेल्या. यांनी विचारलं, काय झालं? दोघीही म्हणालो, काही नाही.

१८ मार्च, सोमवार

कामावर पोहोचले तर पंख्याखालच्या खुर्चीत सासूबाई! एकट्याच आल्या होत्या, बाही वर करून बसलेल्या. डॉक्टर शेजारी उभे, सगळ्या खुर्च्या माझ्याकडे बघतायत.

"तू सांगतेस, की मी सांगू?"

मी खिडकीकडे गेले. काका, म्हटलं, तुमचा ताप सर्दीचा नाही.