पहिला मान दत्तोबांचा

पिंपळे सौदागर,
बुधवार, दुपार

ती. मृदुलाताईस,

धाकट्या प्रभाकरचा वाकून नमस्कार. (उजवा गुडघा अर्धाच वाकतो, पण पत्रात पूर्ण वाकलो असं समजावं.) तुझी कंबर आता कशी आहे? भाऊजींचा खोकला गेला का, की अजून सकाळी सहाला सगळ्या आळीला उठवतो? आम्ही दोघं खुशाल आहोत. विजयश्रीचं म्हणणं एवढंच, की नवरा निवृत्त झाल्यावर घर एका खोलीने लहान होतं. म्हणूनच मी समाजकार्यात पडलो, आणि पडलो हा शब्द मी विचार करून वापरला आहे.

त्याचं झालं असं. आमच्या सोसायटीत एका संस्थेची तेजस्विनी नावाची कार्यकर्ती आली होती. तिने सांगितलं, की दवाखान्याच्या खर्चाला मदत करणाऱ्या योजना आहेत, धर्मादाय रुग्णालयांत राखीव खाटा आहेत, पण ज्यांचा त्यावर हक्क आहे त्यांना खबरच नसते आणि खबर मिळाली तर भरवसा वाटत नाही. म्हणून वस्तीवस्तीत अशी माणसं शोधायची, ज्यांच्या शब्दावर लोक आपले कागद बाहेर काढतील. ताई, विश्वासाचं माणूस म्हटल्यावर मी इकडेतिकडे न बघता हात वर केला. पस्तीस वर्षं कंपनीच्या स्टोअरमध्ये एक बोल्ट इकडचा तिकडे होऊ दिला नाही, माझ्याहून विश्वासू कोण असणार? तेजस्विनी जरा थांबली, मग म्हणाली, ‘बघा काका, प्रयत्न करून.’ त्या थांबण्याचा अर्थ मला आठवड्याने कळला.

मी रहाटणीच्या जुन्या गावठाणातून सुरुवात केली. कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, बगलेत फाइल. पहिल्याच दारात गोड आवाजात विचारलं, ‘ताई, आधार कार्ड आहे ना?’ दार बंद. दुसऱ्या दारात उत्पन्न विचारलं. तेही बंद, शिवाय आतून कडी. तिसऱ्या दारातल्या गृहस्थांनी मला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं आणि माझा फोटो काढला. मला वाटलं, कौतुकाने काढला. संध्याकाळपर्यंत तो फोटो अर्ध्या पिंपरी-चिंचवडमध्ये फिरला होता, खाली मजकूर: ‘सावधान! हा इसम घरोघरी फिरून ओटीपी मागतो.’ आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो विजयश्रीलाही आला. (तिच्या मते गेल्या दहा वर्षांतला माझा तो सर्वांत चांगला फोटो आहे. तिने तो जपून ठेवला आहे.)

मी डगमगलो नाही. घरी जाऊन जमत नाही तर लोकांना एकत्र बोलवावं, म्हणून मारुतीच्या देवळासमोर माइक लावून सभा घेतली. तीसेक माणसं जमली. मी घसा साफ केला आणि म्हणालो, ‘परिसरातील गरीब व गरजू बंधुभगिनींनो!’ एवढंच. पुढचं वाक्य बोलायला तोंड उघडेपर्यंत निम्मे लोक उठले होते. एक पांढऱ्या टोपीचे, कडक खळीच्या कपड्यांतले गृहस्थ जाता जाता माइकजवळ आले आणि शांतपणे म्हणाले, ‘काका, गरीब कोणाला म्हणताय? तुमची बिल्डिंग उभी हाय ना, तिथं आमचा कांदा व्हायचा.’ सभा संपली. भाडं मात्र दोन तासांच्या माइकचं लागलं.

दुसऱ्या दिवशी विजयश्रीने मला दळण घेऊन पिटाळलं. आमच्या इथे पिठाच्या पिशव्यांची दुकानं ढिगाने आहेत, पण तिला रहाटणीच्या अंबूबाईंच्या गिरणीचंच पीठ लागतं. अंबूबाई साठीच्या, नऊवारी, अंगभर पीठ, भुवयासुद्धा पांढऱ्या. डबा ठेवतोय तोच त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कमरेचा मोबाइल काढून त्यात पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. ‘व्हय वो सायेब, ह्ये तुमीच न्हाई का?’ आणि एवढ्या हसल्या, की गिरणी बंद करावी लागली. रांगेतल्या बायकांनीही हसून घेतलं.

हसून झाल्यावर त्यांनी मला पोत्यावर बसवलं आणि विचारलं, ‘आता सांगा, खरं काय हाय?’ मी पात्रता, निकष, संलग्न रुग्णालयं वगैरे पाऊण तास समजावलं. त्या ऐकत होत्या, दळतही होत्या. मग त्यांनी जे विचारलं त्याने मी गार पडलो. कोणाच्या दळणात गव्हाऐवजी ज्वारी-नाचणी आली, म्हणजे घरात साखर निघाली. कोणाचा डबा चार दिवस न्यायचा राहिला, म्हणजे कोणीतरी दवाखान्यात आहे. अशी सतरा घरं त्यांनी बोटांवर मोजली आणि कोणत्या घराला काय मिळेल ते विचारलं. ताई, माझ्या फाइलमध्ये एकही नाव नव्हतं आणि त्या बाईच्या डोक्यात सगळं गावठाण होतं.

मी लगेच तेजस्विनीला फोन लावायला निघालो, तर त्यांनी हात धरला. ‘थांबा. मी सांगितलं तर लोकं ऐकतील. पण उद्या काय झालं न्हाई, तर शिव्या मला. तुमी जाल तुमच्या बिल्डिंगीत, मला हितंच ऱ्हायचंय. आदी आमच्या दत्तोबाचं करून दावा. मंग बगू.’

दत्तोबा म्हणजे त्यांचे धाकटे दीर. आणि दत्तोबा म्हणजेच सभेतले ते पांढऱ्या टोपीचे. जमीन विकून आलेलं सगळं बंगल्यात, भावकीच्या कोर्टकज्ज्यात आणि दोन लग्नांत गेलं, मग बंगलाही गेला. आता दोन खोल्यांत राहून शाळेची व्हॅन चालवत होते. डॉक्टरांनी हृदयाची नळी तुंबल्याचं सांगितलं, खर्च ऐकून हे घरी आले आणि सगळ्यांना म्हणाले, गॅसेस आहेत. चालता चालता भिंतीला टेकायचे. अंबूबाईंनी व्हॅनची किल्ली काढून पिठाच्या डब्यात लपवली होती, कारण व्हॅनमध्ये दुसऱ्यांची पोरं असतात.

आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो. मी माझा घसा साफ केला. अंबूबाईंनी मला ‘तुमी बोलू नका’ असं डोळ्यांनीच बजावलं. (ही बजावणी आजतागायत लागू आहे.) दत्तोबा म्हणाले, ‘वहिनी, मी मरंन, पण गरिबाच्या खाटेवर झोपायचो न्हाई. ह्या गावात आपण लोकांना दिलंय, मागितलं न्हाई.’

मला वाटलं, संपलं. अंबूबाई खाली बसल्या, पदराने कपाळावरचं पीठ पुसलं. ‘मागायचं कोण म्हणतंय? गावठाणात सतरा घरांत आजारी माणूस हाय. सगळी भेलीत. कोण पयलं जातंय ते बगत्यात. जत्रंत पयला मान आपल्या घराचा. हितं तो दुसऱ्या कोणाला द्यायचा का? तसं सांग, मी वरच्या आळीत इचारते.’

दत्तोबांनी टोपी काढून गुडघ्यावर झटकली. मग म्हणाले, ‘वरच्या आळीत कशापायी?’

दुसऱ्या दिवशी ते फेटा बांधून निघाले. ताई, धर्मादाय खाटेचा अर्ज द्यायला फेटा बांधून आलेला माणूस त्या रुग्णालयाने पहिल्यांदाच पाहिला असावा. खिडकीवरच्या कारकुनाने उत्पन्नाचा दाखला पाहिला, मग फेटा आणि खळीचे कपडे पाहिले, आणि भुवया वर केल्या. दत्तोबा म्हणाले, ‘कपडे पांढरे ऱ्हायला पैसे लागत न्हाईत, सायेब. बायकू लागती.’ मागची सगळी रांग हसली आणि कारकूनही. पण अर्ज अडकला. आधारवर नाव ‘दत्तात्रय’ आणि रेशनकार्डावर ‘दत्तोबा’. म्हणजे कागदोपत्री ही दोन माणसं होती आणि हृदय एकाचंच बिघडलं होतं. इथे मात्र तुझा भाऊ कामी आला. एकाच वस्तूची दोन नावं लागल्यावर काय करायचं, हे स्टोअरवाल्याला कोणी शिकवावं? तेजस्विनीने कोणता कागद लागेल ते सांगितलं. मी त्यांच्याकडून प्रतिज्ञापत्र करवून घेतलं, तीन कार्यालयं फिरलो, दोनदा जेवणाच्या सुटीत सापडलो, आणि चौथ्या दिवशी दत्तोबा आणि दत्तात्रय एक झाले. मंजुरी आली.

आता जे लिहितो त्यात विनोद नाही. त्यांना आत नेलं तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. अंबूबाई बाकावर बसल्या होत्या. हातपाय स्वच्छ धुतलेले, पीठ नसलेल्या त्या मी पहिल्यांदाच पाहत होतो, एकदम थकलेल्या दिसल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, ‘भाऊ, ह्याला काय झालं तर लोक म्हणतील, अंबूनं फुकटच्या खाटेवर दीर घालवला. पुन्हा कोणी कागद काढायचं न्हाई. त्या सतरा घरांचं काय?’ ‘सायेब’चा ‘भाऊ’ कधी झालो, तेही तेव्हा लक्षात आलं नाही. पस्तीस वर्षं मी माल सांभाळला, पण असं काही कधी पणाला लावलं नव्हतं. पाऊण तासाने डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, छान झालं. त्या उठल्या, भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या, आणि मी उगाचच पाण्याची बाटली शोधू लागलो.

दत्तोबा चौथ्या दिवशी घरी आले. आता रोज संध्याकाळी गिरणीसमोर खुर्ची टाकून बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला नळी कशी उघडली ते सांगतात. (प्रत्येक वेळी नळी थोडी जास्त तुंबलेली असते.) दर मंगळवारी बायका दळणाच्या डब्याबरोबर कागद आणतात. सतरापैकी अकरा घरांचे अर्ज गेले, दोन नामंजूर झाले, त्यांचं पुन्हा पाहतोय. मी पोत्यावर बसून अर्ज भरतो. बोलायची परवानगी नाही, पण अक्षर चांगलं असल्याने ठेवून घेतलं आहे. घरी येतो तेव्हा भुवया पांढऱ्या असतात. ताई, खरंच सांगतो, बरं चाललं आहे.

भाऊजींना नमस्कार. कंबरेला शेक देत जा.

तुझा,
प्रभाकर

ता.क. पत्र लिहायचं कारण सांगायचं राहिलंच. दत्तोबांच्या वॉर्डाबाहेर वर्षाली नावाची मुलगी भेटली, चाकणला एका कंपनीत पॅकिंगला आहे. तिची आई रंभाबाई तुमच्या राजगुरुनगरात राहते. गर्भाशयाचं ऑपरेशन करायचं आहे, मदत मिळू शकते, पण ती कागदांची पेटी कोणाला उघडू देत नाही, पोटच्या पोरीलासुद्धा. म्हणते, ‘आमच्या मृदुलाबाईंनी सांगितलं तरच.’ तू रंभाबाईला चौथीला शिकवायला होतीस.

ता.क. २ विजयश्री विचारते, हे सगळं फोनवर दोन मिनिटांत झालं नसतं का? झालं असतं. पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. अंबूबाई देत नाहीत, तूही नाहीस.

ता.क. ३ रंभाबाईंना मी ‘बाई हो म्हणाल्या’ असं सांगून टाकलं आहे. त्या उद्या सकाळी पेटी घेऊन तुझ्याकडे येतील. हे पत्र शुक्रवारी पोचेल. तेव्हा तू हे वाचतेस त्याच्या आदल्या दिवशीच तू हो म्हणालेली असशील. फार आभार.