अंगठ्याची सवय

मंगळवार, १४ तारीख
सकाळी, पहिली शिकवणी यायच्या आत

चि. ठमे,

आशीर्वाद आधी देऊन टाकते, कारण पुढे रागाच्या भरात राहून जायचे. तब्येत बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण पियानोच्या पायपट्टीपुरते चालतात. वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी नवं यंत्र आणलंय. मुलं सूर धरतात आणि छतातून ते यंत्र किंचाळतं. परवा एकजण म्हणाला, "बाई, डॉक्टरकाका बेसूर आहेत." तर असं आमचं बरं चाललंय.

आता मुद्द्याचं. परीक्षेचा निकाल आला. मुंगीचा कागद माझ्यासमोर आहे. मुंगी म्हणजे माझी नऊ वर्षांची विद्यार्थिनी. एवढीशी आहे, पाय जमिनीला टेकत नाहीत म्हणून खाली लाकडी खोका ठेवतो. कागदावर लिहिलंय, "अंगठ्याची निरर्थक व हास्यास्पद हालचाल. मूलभूत शिक्षण सदोष. सुरुवातीपासून पुन्हा शिकवणे आवश्यक." खाली तुझी सही. तुझं अक्षर मी कसं विसरेन? गिरवायला मीच बसवत होते.

तळपायाची आग मस्तकात गेली, बाई! निरर्थक? तुला माहीत नाही त्या हालचालीचा अर्थ?

माझ्या पियानोची मधली एक पांढरी पट्टी दाबली की खालीच बसते. दुसऱ्या बोटाने दाबायची आणि लगेच अंगठा तिच्या ओठाखाली घालून वर उचलायची, तरच पुढचा सूर वाजतो. माझ्याकडे शिकलेलं प्रत्येक मूल हे करतं, आणि सवय लागली की दुसऱ्याच्या धडधाकट पियानोवरही करतं. तू सात वर्षं करत होतीस. आणि त्या दिवशी परीक्षेच्या खोलीत, शेजारी तो दुसरा परीक्षक बसलेला असताना, तू मुंगीला म्हणालीस, "हे काय चाललंय? अंगठ्याला खाज सुटलीय का?" तो खो खो हसला. तूही हसलीस.

मुंगीने मला सगळं सांगितलं. रडत नव्हती, ते जास्त लागलं. म्हणाली, "त्यांनी विचारलं, कुठे शिकतेस? मी तुमचं नाव सांगितलं. मग त्या खाली बघून लिहायला लागल्या."

खाली बघून! मावशीची विद्यार्थिनी आहे, दुसऱ्या कुणाकडे द्या, एवढं म्हणायला काय झालं होतं? तोंडात मिठाची गुळणी धरून बसलीस आणि लेखणी तेवढी चालवलीस. मला चार शब्द सुनावायचे होते तर फोन होता, पत्ता होता, दार होतं. माझ्या अंगणातून उडी मारून पुढे गेलीस, जा. चांगलं झालं. पण त्या पोरीच्या पाठीवर पाय देऊन?

शुक्रवारी मी हे पत्र इथवरच लिहिलं होतं, तेच आज पुन्हा उतरवून काढलंय. तेव्हा पाकीटसुद्धा चिकटवलं होतं. मग ते फोडलं, कारण एक गोष्ट मी लिहिलीच नव्हती.

पियानो लावायला येणारे काका गेली अकरा वर्षं दर खेपेला सांगतात, "ताई, अर्ध्या तासाचं काम आहे. आतलं लोकरीचं फेल्ट फुगलंय, बदलून देतो." आणि मी दर खेपेला नाही म्हणते. कधी मी सांगते, आत्ता मुलं येतील. कधी सांगते, म्हातारा पियानो आहे, उगाच पोट फाडू नका. एकदा तर चहा देऊन वाटेला लावलं. कोणाला खरं सांगितलं नाही.

खरं असं आहे. तू कॉलेजच्या मोठ्या सभागृहात पहिल्यांदा वाजवलंस, तेव्हा मी नवव्या रांगेत होते. काळाभोर, चकचकीत पियानो, त्यात छताचे दिवे दिसत होते. आणि त्या पट्टीपाशी तुझा अंगठा हळूच खाली गेला आणि वर आला. तालात केसभर फट पडली. कुणाला कळलं नाही. मला कळलं, आणि मी पदराने डोळे पुसत बसले. टायपिंगच्या क्लासात नोकरी करत, मुखपृष्ठ फाटलेल्या एका पुस्तकावरून मी पियानो शिकले. मला ना गुरू, ना प्रमाणपत्र. पण एवढ्या शिकलेल्या माणसांच्या गर्दीत ही पोरगी माझी आहे, हे त्या अंगठ्यावरून दिसत होतं. त्याआधी ती पट्टी पैशाअभावी राहिली होती, त्यानंतर मी ती मुद्दाम दुरुस्त करू दिली नाही.

लाज वाटते लिहायला. गाई-गुरांवर डाग देतात तसा मी मुलांच्या हातांवर माझा डाग देत होते, आणि त्याला माया म्हणत होते.

आणि पाकीट फोडलं त्या दिवशी हेही डोक्यात आलं की त्या कार्यक्रमानंतरच तुझं येणं कमी झालं. मग बंद झालं. कॉलेजात तुलाही कोणी असंच विचारलं असेल का गं, सगळ्यांसमोर? ती सवय मोडायला किती दिवस लागले तुला? मला वाटत होतं, शिंगं फुटली म्हणून येत नाहीस. चारचौघांत तसं बोललेही. ते शब्द मी परत घेते.

पण राग परत घेत नाही. माझ्यावरचा राग माझ्यावर काढ, मी त्याला लायक आहे. तुला कोणी दुखावलं असेल, तर ते दुखणं काय असतं हे त्या खोलीत फक्त तुलाच ठाऊक होतं. तरी तू हसलीस.

काल काका येऊन पट्टी नीट करून गेले. खरंच अर्धाच तास लागला. मग मी मुंगीच्या घरी गेले. तिने दोन आठवडे शिकवणी चुकवलीय. तिची आई म्हणाली, टेबलावर बोटंसुद्धा वाजवत नाही आता, आधी जेवतानाही वाजवायची. मुंगी खुर्चीवर बसली होती, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. मी सांगितलं, "चूक तुझी नव्हती. पियानोची होती, आणि तो नीट न करणारी मी होते."

ती म्हणाली, "मग मार्क परत मिळतील?"

"नाही गं."

"मग त्या बाईंना माहीत नव्हतं का, की पट्टी अडकते?"

मला खोटं बोलता आलं नाही. म्हटलं, "माहीत होतं. त्यासुद्धा त्याच पट्टीवर शिकल्यात."

मग म्हणाली, "त्या पण तसं करायच्या?" आणि मी हो म्हटल्यावर, "मग हसल्या का?"

ठमे, याचं उत्तर तुझ्याकडे आहे. तेवढ्यासाठी हे पत्र. मला काही लिहू नकोस, माझी माफीही मागू नकोस, देण्याघेण्यात माझंच देणं जास्त निघेल. तिला लिही. खरं काय ते लिही, गोड करून नको. तिच्या घरचा पत्ता मागे दिलाय. ती सध्या बोटं बंद करून बसलीय, आणि ती उघडणं माझ्या हातात राहिलेलं नाही.

तुला सगळ्यात आधी चुकीचं शिकवणारी,
तुझी मावशी